आवकबाईंचा चौथा नंबर

आपल्यासाठी कोणी थांबलेलं आवकबाईंना चालत नसे. ऑफिसातून चहाला जायचं असो, कोणाच्या लग्नाला जायचं असो, त्या सगळ्यांच्या आधी वीस मिनिटं उठायच्या आणि निघायच्या. त्यांचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला होता. डाव्या हाताने गुडघा मागे दाबायचा, उजव्या हातातली कुबडी पुढे टाकायची, की एक पाऊल. जिन्यात आम्ही त्यांना गाठलं की भिंतीला टेकून वाट करून द्यायच्या आणि म्हणायच्या, "व्हा तुम्ही पुढे, मी येत्ये."

त्यांचं खरं नाव कुंदा. पण रत्नागिरीतल्या आमच्या सरकारी कार्यालयात त्या सव्वीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर होत्या, त्यामुळे साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या त्या आवकबाई. आलेला प्रत्येक कागद त्यांच्या हातून जायचा. खेड्यातून आलेला माणूस अर्ज घेऊन टेबलासमोर घुटमळला की त्या आधी त्याला बसायला सांगायच्या, मग अर्ज वाचायच्या, आणि चूक असेल तर त्याच्यादेखत दुसरा कागद पुढे सरकवायच्या. "घाई नको. नीट लिहा. वर जाऊन परत येण्यापेक्षा इथेच पाच मिनिटं गेलेली बरी." मी नोकरीला लागले तेव्हा माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं. त्या माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. काम मी त्यांच्याकडे बघूनच शिकले.

ऑफिसच्या आवारात एक तांबूस कुत्रा यायचा. येईल तो माणूस त्याला हाकलायचा. बाईंनी त्याचं नाव ठेवलं जावक. "सगळे त्याला बाहेरच पाठवतायत, दुसरं काय नाव ठेवणार?" पुढे त्याच्यामागून एक काळी कुत्री आली आणि पहिल्याच दिवशी बाईंच्या खुर्चीखाली जाऊन झोपली. ती पोच. कागद मिळाल्याची जी पोच आपण देतो, तीच. दुपारी डब्यातली अर्धी भाकरी या दोघांची. मग एकदा दोघांना लस टोचून आणायचं निमित्त झालं, आणि तिथून ती दोघं परत ऑफिसात न येता बाईंच्या घरीच गेली.

घरी बाई आणि त्यांचे मोठे भाऊ अप्पा, दोघंच. अप्पा शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. स्वभावाने प्रेमळ, पण बहिणीच्या बाबतीत त्यांचं एकच वाक्य. "तुला कशाला गो ते?" बाईंना पोहायला शिकायचं होतं, तेव्हा तुला कशाला. सहलीला जायचं होतं, तेव्हा तुला कशाला. त्यात दुष्टपणा नव्हता, निव्वळ भीती होती. बाई म्हणायच्या, "अप्पाला मी अजून सहा वर्षांचीच वाटत्ये."

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी बाईंनी विजेवर चालणारी स्कूटर घेतली. मागे दोन्ही बाजूंना आधाराची चाकं बसवून घेतली. अप्पा चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तर बाई अंगणात स्कूटर मागे-पुढे, मागे-पुढे करत होत्या.

"बघ सुजाता, ही मागे पण जाते! पाय टेकून ढकलायला नको!" दोन धड पाय असलेल्या मला त्या वेळेपर्यंत स्कूटर मागे घेणं ही एवढी मोठी गोष्ट असते हे माहीतच नव्हतं.

पहिल्या महिन्यात त्या दोनदा कुंपणाच्या दगडी गडग्याला धडकल्या. एकदा घाटीच्या चढावर बॅटरी संपली. मला फोन केला, मी धावत गेले, तर बाई रस्त्याकडेला आंब्याच्या सावलीत स्कूटरवरच बसून शेंगा खात होत्या. "ये, खा. अशी मोकळी बसायला मला कधी जमलं होतं? दर वेळी रिक्षावाला खोळंबलेला असायचा." समोरच्या घरातून वायर ओढून त्यांनी चार्जिंगची सोय करून घेतली होती आणि त्या घरातल्या सुनेचा रखडलेला दाखल्याचा अर्ज कसा करायचा तेही समजावून झालं होतं.

मग रविवारचा नेम सुरू झाला. सकाळी सहाला बाई निघायच्या. पोच पायाशी उभी, तोंड वाऱ्याला. जावकला स्कूटर मान्य नव्हती, तो शेजारून पळायचा आणि चढावर त्यांच्या पुढे जाऊन वळून बघायचा. भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात कुत्री सुटायची आणि बाई ओल्या, घट्ट वाळूवरून पार पाण्यापर्यंत स्कूटर न्यायच्या. फिरायला आलेले लोक बघत राहायचे. मी सोबत असले की मला उगाचच ताठ बसावंसं वाटायचं.

तिथेच खाडीच्या तोंडाशी दिनेशभाऊंनी कयाक आणल्या. मुंबईची नोकरी सोडून परत आलेला हा चाळिशीचा गृहस्थ. वरच बसायच्या, पिवळ्याधमक प्लॅस्टिकच्या होड्या, दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं. पर्यटकांना कांदळवनातून फिरवून आणायचा त्याचा धंदा. बाई तीन रविवार नुसत्या बघत होत्या. चौथ्या रविवारी त्यांनी विचारलं, "यात पायाचं काय काम असतं?"

दिनेशभाऊंनी एकदा होडीकडे बघितलं. "तसं... फारसं काही नाही, ताई. टेकवायचे फक्त. सगळं काम हाताचं आणि कमरेचं."

"मग माझं अर्धं शिक्षण झालंय," बाई म्हणाल्या. "पन्नास वर्षं मी हातांवरच चालत्ये."

चढवताना दिनेशभाऊंची तारांबळ झाली. बाईंनीच सांगितलं, "मला उचलू नका. होडी तेवढी घट्ट धरा." त्या वाळूत बसल्या, हातांवर जोर देऊन मागे सरकत सरकत होडीत गेल्या, पाय हाताने उचलून आत ठेवला. कुबडी माझ्या हातात दिली. मग मला आठवलं की मीही पैसे भरले आहेत आणि मलाही दुसऱ्या होडीत बसायचंय.

पाण्यात माझी होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली. कितीही वल्हवलं तरी नाक किनाऱ्याकडेच. घाबरून मान वर केली तर बाई कांदळवनाच्या तोंडाशी पोचलेल्या. पाठ सरळ, वल्हं एका लयीत खालीवर. कमरेपर्यंत पाण्यात उभ्या राहून कालवं काढणाऱ्या बायका हातातलं काम सोडून त्यांच्याकडे बघत होत्या. बाईंनी वळून मला बघितलं आणि ओरडल्या, "सावकाश ये गो! घाबरू नको! मी थांबत्ये!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी मागे होते आणि त्या थांबल्या होत्या. मी जवळ पोचले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. खारं पाणी उडालं म्हणाल्या. मीही हो म्हटलं.

दोन वर्षं त्यांनी रविवार चुकवला नाही. पावसाळ्यात खाडी बंद, तेव्हा घरी खुर्चीत बसून काठीने वल्हवायच्या. पोच होडीच्या पुढच्या टोकाला बसायला शिकली. मासळीची झुंड पाण्यावर उसळली की ती भुंकायची आणि होडी हलायची.

मग एका हिवाळ्यात खाडीकाठच्या मंडळाने कयाकची शर्यत ठेवली. मंडळाचे अध्यक्ष स्वतः ऑफिसात आले. "मॅडम, तुमच्यासाठी खास वेगळा गट ठेवलाय. दिव्यांग महिला. सन्मानचिन्हसुद्धा करून आणलंय."

"त्या गटात आणखी कोण आहे?"

"सध्या तरी तुम्हीच."

"मग मी हरायचं कोणाकडून?"

बाईंनी अध्यक्षांच्याच हातातला फॉर्म घेऊन खुल्या महिला गटात नाव लिहिलं आणि त्यांच्यासमोर आवकचा शिक्का मारून परत दिला.

घरी अप्पा भडकले. "लोक हसतील कुंदे!"

"हसू देत. आजवर माझ्याकडे बघून हळहळलेच ना? हसले तर बदल होईल."

शर्यतीला सातजणी होत्या. तीन कॉलेजच्या मुली, तिघी खाडीवरच्या, जन्मापासून होडीत वाढलेल्या, आणि आमच्या सत्तावन्न वर्षांच्या आवकबाई. अख्खं ऑफिस किनाऱ्यावर. दोन्ही कुत्री माझ्या हातात, दोरी तोडायच्या बेतात. अप्पा बहिणीची कुबडी छातीशी धरून एकटेच बाजूला उभे. निम्म्या अंतरापर्यंत बाई शेवटच्या होत्या. वळसा घेताना एक मुलगी भरकटली, दुसरी दमली, तिसरीचं वल्हं सुटलं. बाईंचा वेग जराही कमीजास्त झाला नाही. खाडीवरच्या तिघी मात्र त्यांना सापडल्या नाहीत. त्या पुढे गेल्या त्या गेल्याच.

"चौथी!" कोणीतरी ओरडलं. बघते तो अप्पा. गुडघाभर पाण्यात, चपलांसकट. "चौथी आली! माझी बहीण! चौथी!"

बक्षिसं पहिल्या तिघींनाच होती. बाईंना सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. इतक्या खुशीत मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. परतताना म्हणाल्या, "तिघींनी मला हरवलं, बघितलंस? एकीनेसुद्धा हात सैल सोडला नाही." हे त्या आठवडाभर प्रत्येकाला सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या आल्या प्रमाणपत्रावर नोंदणी क्रमांक टाकला, तारीख घातली, आणि ते माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "दप्तरी दाखल कर."

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात साहेबांनी व्यंगावर मात, जिद्द, प्रेरणा असं बरंच भाषण केलं. बाई उत्तरात दोनच वाक्यं बोलल्या. "मात वगैरे काही नाही केली, साहेब, पाय आहे तसाच आहे. मला पाण्यात मजा येते म्हणून मी जात्ये." आणि बसल्या. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कोणाला समजेना. मी वाजवल्या.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी अप्पांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीव वाचला, पण माणूस खचला. मुख्याध्यापकांचा तो दणदणीत आवाज बारीक झाला. खिडकीशी बसून राहायचे. त्याच सुमारास माझी बदली देवरुखला झाली. निघताना मी बाईंना भेटायला गेले, तर त्या अप्पांना एकेक पाऊल टाकायला शिकवत होत्या. अप्पा चिडत होते, बाई चिडत नव्हत्या. मला दारापर्यंत सोडायला आल्या. "बदलीच्या ठिकाणी पहिल्या दिवशी कोणी हसलं नाही तरी तू हस," एवढंच म्हणाल्या. मी रडले. त्यांनी रडू दिलं.

यंदा फेब्रुवारीतल्या एका रविवारी न कळवता मी देवरुखहून आले. घराला कुलूप. मग सरळ भाट्याला गेले. किनाऱ्यावर स्कूटर उभी होती आणि तिच्या सावलीत म्हातारा जावक झोपला होता. खाडीत, उथळ निवांत पाण्यात, दोन माणसांची कयाक. दिनेशभाऊ दुसऱ्या होडीत त्यांच्या जवळच. मागे बाई. पुढे लाइफ जॅकेट घातलेले अप्पा, आणि त्यांच्या पायांत पोच.

अप्पांचा बारीक आवाज पाण्यावरून ऐकू आला. "नुसतं बसून काय करू गो? मला पण दे काहीतरी!"

दिनेशभाऊंनी एक लहान, एकाच पात्याचं वल्हं त्यांच्या डाव्या हातात दिलं. अप्पांनी ते पाण्यात घातलं आणि मारलं. एकाच बाजूने वल्हवल्यावर होडी सरळ कशी जाणार? ती गोल फिरायला लागली. अप्पा जोर लावत होते आणि होडी अजून जोरात फिरत होती. बाईंना दुसऱ्या बाजूने एक हात मारून ती सरळ करता आली असती. त्यांनी आपलं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि फिरू दिली. पोच भुंकत होती. अप्पा हसत होते, वाकड्या तोंडाने, लाळ गळेपर्यंत हसत होते, आणि मागे बाईही.

माझ्या शेजारी पुण्याकडचं एक कुटुंब उभं होतं. त्यातल्या एकीने मला विचारलं, "त्या मागच्या कोण हो? तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

"आमच्या आवकबाई," मी म्हटलं. एवढ्याने समाधान होईना, म्हणून त्यांना थांबवून घेतलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला बसले.