हलकं केलेलं स्टीअरिंग

मला बायकोचा हेवा वाटतो, हे लिहायला पन्नाशी गाठावी लागली.

मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींसाठी एक जुनी गाडी आम्ही पेणच्या घरामागच्या शेडमध्ये तयार केली. आखणी माझी. चालवायची तिनं, कारण मी सरावातच दोनदा बांधावर चढलो होतो. सायकलचा पुढचा फोर्क मागे कललेला असतो ना, तसा पुढची चाकं ज्या आसावर वळतात तो मी बराच मागे कलवला होता. स्टीअरिंग जड झालं, पण बोलकं. वळणावर टायरची पकड सुटण्याआधी ते हातात क्षणभर सैल पडतं. तेवढ्यात ती सावरायची. मला ते कधी कळलंच नाही.

"अहो, सांगते की गाडी," ती हसायची. "तुमी ऐकतच नाय."

गाडी मी घडवलेली, आणि बोलायची हिच्याशी!

एका रविवारी तो कल धरून ठेवणारे वॉशर मी काढून टाकले. म्हटलं, "तुझे खांदे भरून येतात ना, हलकं केलंय." "एवढी काळजी!" म्हणाली, आणि खूश झाली.

रोह्याच्या शर्यतीत ती नेहमीच्या वेगानं वळणात शिरली आणि थेट कडेला रचलेल्या पेंढ्याच्या भाऱ्यांवर गेली. लागलं काही नाही. पण जवळच निडी गावात तिच्या माहेरी जेवताना तिचा घास हातातच राहिला.

"आये, माझे हातच बधिर झाले गो. काय कळलंच नाय."

"मग आता भाकऱ्या थाप," सासूबाई म्हणाल्या.

मी मान खाली घालून जेवलो. आत कुठंतरी बरं वाटत होतं. आता आम्ही सारखे.

त्यानंतर तिनं किल्लीला हात लावला नाही. बाजारात जायचं तरी, "तुमीच चालवा." एकदा वडखळच्या नाक्यावर खोळंबलो होतो. ती शेजारी बसून तळवे चोळत होती. मला बघवेना.

"हात नाय गेले तुझे. मी वॉशर काढले होते."

"का?"

"तुला कळतं म्हणून."

तिनं तळवे चोळणं थांबवलं. मग म्हणाली, "कुठं हायत?"

"शेडमध्ये. चहाच्या डब्यात."

घरी जाऊन मी ते शर्यतीच्या गाडीला परत बसवले, तोवर ती डोक्याशी उभी. माप तिनं स्वतः तपासलं आणि स्टीअरिंगमागे जाऊन बसली. मी शेजारचं दार उघडायला गेलो, तर तिनं आतून लावून घेतलं.

"नको. तुमी असलात की मला ऐकू येत नाय."

मागच्या माळावर पहिलंच वळण आलं, तिनं वेग कमी केला नाही. गाडी किंचित सरकली, सावरली. मी पाना धरून शेडच्या दारात उभा होतो, आणि मला पुन्हा तिचा हेवा वाटत होता.