धवल्यावर पारखलेला सिंथ

ठाण्यात मला उभं केलं ते माजिवड्याच्या माझ्या खोलीमालक काकांनी, हे आधी सांगतो. आणि इतका हट्टी माणूस खाडीच्या दोन्ही काठांना दुसरा नसेल. कलिंगड सगळेच वाजवून घेतात, काका दुधीही कानाशी धरून वाजवतात. नवा कुकर तर दुकानातच शिट्टी ऐकून, "बेसूर हाय," म्हणत त्यांनी परत केलेला.

मी नववीत शाळा सोडून परभणीकडून आलेलो. लॅपटॉपमध्ये सनई, बासरी सगळे आवाज भरलेले, पण ते वाजवायला पट्ट्यांचा कीबोर्ड नव्हता. हळदीला वाजवणाऱ्या पार्टीचा मालक म्हणालेला, "रविवारी जमलं तर राहा, नाहीतर गाव गाठ." मी हे काकांना सांगितलं. काका म्हणाले, "चल, मशीन मी बघतो."

"काका, तुम्हाला त्यातलं कळतं?"

"माझी आई धवलारीण होती. मांडवात लग्नाचे धवले गायची. तिला कुठली पेटी पुरली नाय."

कल्याणच्या दुकानात मला भावला पाचशे आवाजांचा, लुकलुकत्या दिव्यांचा कीबोर्ड. "आवाज लॅपटॉपात हायेत ना? मग हे पाचशे काय लोणच्याला?" असं म्हणून काकांनी डोळे मिटले आणि गिऱ्हाइकांसमोर धवला सुरू केला. दर कडव्याला सूर कणभर वर चढायचा, दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी. "ये माझ्या मागं!" मी लॅपटॉप वायरने एकेका यंत्राला जोडून वाजवू लागलो. दोन यंत्रांना सूर सरकवायचं चाकच नव्हतं, दुसऱ्या दोनांचं झटके मारायचं. पाचवा जुना, कोपरे झिजलेला सिंथ, म्हणजे सिंथेसायझर. त्याच्या चाकाने लॅपटॉपची सनई अलगद वर गेली आणि काकांना गाठलं. मी हसतोय तोच काकांनी वायर उपटली.

"अहो काका!"

"लॅपटॉप मेला. मांडव थांबतो काय? वाजव!"

मी सिंथच्या स्वतःच्या आवाजात कडवं पुरं केलं. काका दुकानदाराला म्हणाले, "हाच बांध."

रविवारी हळदीच्या मांडवात धवलारीण तिसऱ्या कडव्याला वर सरकली. घामेजल्या अंगठ्याने चाक ढकलत मी तिच्या मागोमाग गेलो. मालक एवढंच म्हणाला, "पुढच्या हळदीला पाचला ये." मांडवाच्या कडेला बसलेले काका म्हणाले, "तिसऱ्या कडव्याला उशीर केलास रं."

त्यांच्या घरात आता त्यांच्याशिवाय धवला कुणाला येत नाही. आईची निम्मी गाणी तेही विसरलेत. गाता गाता थांबतात आणि भिंतीकडे बघत राहतात. माझा हात जरा बसू दे. मग उरलेली गाणी त्यांच्याकडून गाऊन घेईन, ते सरकतील तिथे सरकेन, आणि एकही सूर दुरुस्त न करता लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड करून जपून ठेवीन. त्यांना अजून बोललेलो नाही. पण त्यांचं ऋण फेडीन ते असंच.