मावशी शोधनिबंध वाचते

आमच्या मावशीइतक्या मोठ्यांदा शोधनिबंध वाचणारी बाई कलबुर्गीत दुसरी झाली नाही आणि होणारही नाही. कॉलेजात ती मानसशास्त्र शिकवायची आणि घरी जेवताना तेच आम्हाला वाढायची. तिची खोड अशी, की निबंधात जिथे ‘मुस्लिम’ असेल तिथे ती ‘आमच्या घरचे’ घालून वाचायची. ‘आमच्या घरच्या पुरुषांमधील आक्रमकता’ असं तिनं खणखणीत आवाजात सुरू केलं, की काका निमूटपणे आमटीची वाटी पुढे करत. ‘आमच्या घरच्या स्त्रियांची दबलेली मनं’ ऐकून तर तिच्या सासूबाई, ज्यांनी आख्ख्या घराला धाकात ठेवलं होतं, ताटावरून उठल्या. “कोण लिव्हलाय हे? कधी आलता आमच्या घरी?” म्हणून त्या लेखकाचा पत्ता मागू लागल्या. मावशीला तेवढंच हवं असायचं. ती शांतपणे म्हणायची, “एका कागदानं तुमच्या अंगाची आग व्हायलीय. त्यांच्यावर कपाटभर हायेत.” पुढे पुढे पाहुणे आमच्याकडे जेवायला यायला कचरू लागले.

जवळच्या आळंद गावची रुखसाना मावशीच्या हाताखाली पीएचडी करणार होती. ईदेआधी गल्लीतल्या बायका एकत्र बसून शेवया करतात आणि करता करता पोट धरून हसतात. त्या हसण्याचा तिला अभ्यास करायचा होता. लेक डॉक्टर होणार, हे तिच्या अब्बांनी साऱ्या आळंदला सांगून ठेवलेलं. पण विषय मंजूर करणाऱ्या समितीवरच्या बाहेरच्या तज्ज्ञांना विषय पसंत पडेना. मुस्लिम बायका आहेत तर भीती घ्या, कट्टरता घ्या, नाहीतर मंजुरी मिळणार नाही, असं ते म्हणाले. मावशीनं त्यांना विचारलं, तुमचंही काम आनंदावरच आहे ना, ते कुणावर केलंत? सामान्य विद्यार्थ्यांवर, असं उत्तर आलं.

“मग हिच्या गल्लीतल्या बाया सामान्य न्हाईत व्हय, सर?”

विषय मंजूर झाला. त्या दिवशी मावशीचा मला जो अभिमान वाटला तो अजून उतरलेला नाही.

आता मावशीला नीट दिसत नाही. सासूबाई नाहीत, वाचणंही थांबलंय. परवा आम्ही जेवायला बसलो असताना डॉक्टर रुखसाना स्वतःचा छापून आलेला निबंध घेऊन आली आणि मावशीच्या सवयीनं वाचू लागली, “शेवया करताना आमच्या घरच्या स्त्रिया...”

मावशीनं तिचा हात धरला. “बदलू नको गं आता. हाय तसं वाच.”

रुखसानानं वाचलं, “शेवया करताना मुस्लिम स्त्रिया हसतात.”

काकांची वाटी हातातच राहिली. मावशीनं डोळे मिटून घेतले आणि तेच वाक्य परत वाचायला सांगितलं.