शमीमभाभींचं न हललेलं बोट

त्या सोमवारी निरवांगीची एसटी जंक्शनला आली, तेव्हा गाडीत माझी जागा धरलेली नव्हती. जंक्शन हे आमच्या गावाचं नाव. रेल्वेशी त्याचा काही संबंध नाही, तीन रस्ते एकत्र येतात एवढंच. दीड वर्ष मी तिथून बारामतीच्या कॉलेजला जायला चढत होते आणि दीड वर्ष ड्रायव्हरच्या मागच्या तिसऱ्या बाकावर एक कापडी पिशवी माझी वाट बघत असायची. पिशवीशेजारी शमीमभाभी. त्या दिवशी तिथं दोन अकरावीची पोरं बसली होती. मी इकडंतिकडं बघतेय हे पाहून निरवांगीच्या एक मावशी म्हणाल्या, “शमीमला बघतीस व्हय? गेली की गं ती... काल दुपारी.” मी विचारलं, “कुठं, माहेरी?” मावशींनी मला हाताला धरून शेजारी बसवलं. तो प्रश्न आठवला की अजून मला कसंतरी होतं. कपड्यांना इस्त्री करता करता छातीत दुखायला लागलं, कुणाच्या तरी जीपमधून इंदापूरला नेलं, पण दवाखाना यायच्या आतच सगळं संपलं होतं. मी भवानीनगरला उतरले, समोरून येणारी गाडी धरली आणि निरवांगीला जाऊन घरातल्या बायकांमध्ये बसले. पुरुष मयत घेऊन गेले. मी भाभींची कोण, हे तिथं कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर ‘वर्गमैत्रीण’ हा शब्द मला उच्चारता आला असता का, कुणास ठाऊक. त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या, मी वीस.

शमीम मुलाणी या निरवांगीच्या लेडीज टेलर. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला लागून कापड कापायचं टेबल आणि दोरीवर ओळीनं टांगलेले ब्लाऊज. दहावीनंतर त्यांचं लग्न झालं. मुलगा मोठा होऊन नोकरीला लागल्यावर त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनच बारावी केली. तेवढ्यावर त्या थांबल्याही असत्या. पण इंदापूरच्या एका प्रशिक्षण केंद्रानं त्यांना बायकांना शिवण शिकवायला बोलावलं, दोन महिने त्यांनी मन लावून शिकवलं, आणि कायमची जागा निघाली तेव्हा ‘पदवीधर पाहिजे’ असं कळलं. ती जागा ज्या मुलीला मिळाली, तिला काज करायला भाभींनीच शिकवलं होतं. हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच गाडीत सांगितलं, तेही हसत. “चांगली पोरगी हाय ती. पर काज अजून वाकडंच करती,” एवढीच काय ती तक्रार. मग त्यांनी बी.ए.ला नाव घातलं. सकाळी कॉलेज, दुपारी शिवण.

नव्या अभ्यासक्रमात आम्हा कलाशाखेच्या मुलांना विज्ञानाचा एक विषय घ्यावाच लागतो. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात त्याची यादी लागली. ‘आहार आणि पोषण’ पहिल्याच दिवशी भरला. ‘घरातलं रसायनशास्त्र’ दुसऱ्या दिवशी. आम्ही दोघी तिसऱ्या दिवशी खिडकीपाशी पोचलो, कारण भाभींकडे लग्नसराईचं काम होतं आणि मी त्यांच्यासाठी थांबले होते. क्लार्क म्हणाले, “फक्त खगोलशास्त्राची ओळख शिल्लक आहे. गणित असतं म्हणून कुणी घेत नाही.” मला गणिताची धास्ती. भाभींचा चेहरा मात्र गणितापेक्षा ‘विज्ञान’ या शब्दानंच उतरला होता. तेव्हा मला त्याचं कारण माहीत नव्हतं. पदवीच्या वाटेत हा एक विषय आडवा पडला होता आणि तो ओलांडल्याशिवाय इलाज नव्हता. सही करताना त्या पुटपुटल्या, “बघू... आभाळच हाय, अंगावर तर पडत न्हाय.”

शिकवायला घोलप सर होते. वय तिशीच्या आतबाहेर, तासिका तत्त्वावर नेमलेले, मोरगावहून मोटारसायकलवर येणारे. आमच्यासारख्या नाइलाजानं आलेल्या चाळीस जणांना आकाश शिकवायचं काम त्यांच्याकडं बहुधा नाइलाजानंच आलं असावं, पण तसं त्यांनी कधी जाणवू दिलं नाही. पहिल्याच तासाला त्यांनी अमावास्येनंतरची चंद्रकोर काढायला सांगितली. आम्ही कोर काढली, पण ती कुठं दिसते म्हटल्यावर निम्म्या वर्गानं पूर्व लिहिलं. भाभी मागच्या बाकावरून हळूच म्हणाल्या, “मावळतीला असती, दिवस बुडाल्याबरूबर. ईदचा चांद बघायला आमी तिकडंच तोंड करतो की.” सर खूश झाले. त्या दिवसापासून भाभी जरा ताठ बसायला लागल्या.

महिनाभरानं ताऱ्यांचं अंतर कसं मोजतात हा धडा आला. सरांनी सगळ्यांना हात लांब करून एक बोट उभं धरायला सांगितलं. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. समोरच्या फळ्यावर बोट इकडून तिकडं उडी मारतं की नाही? वर्गात एकच गंमत सुरू झाली, सगळे डोळे मिचकावत होते. भाभी तेवढ्या बोट धरून गप्प बसल्या होत्या. सरांनी विचारलं, “मुलाणीताई, हललं का तुमचं?” त्या म्हणाल्या, “न्हाय हललं, सर.” “नीट करा, एकेक डोळा मिटून.” त्यांनी पुन्हा बोट धरलं, आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, “माझं बोट हलत न्हाय.” कुणीतरी हसलं. मग सगळे हसले. मीही हसले... त्यांच्या शेजारी बसून. सर जवळ आले तसा त्यांनी चष्मा काढला आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं, “सर, मला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाय. ल्हानपणी शेळ्यांमागं फिरताना बाभळीचा काटा गेलेला. एकच डोळा हाय, त्यो मिटला की समदा अंधार.” तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि सर वह्या गोळा करून निघून गेले.

परतीच्या गाडीत भाभी डाव्या अंगाच्या खिडकीशी बसल्या होत्या. माझ्या डोक्यात माफीचं वाक्य तयार होतं, पण तोंडातून निघत नव्हतं. सात-आठ महिने मी त्यांच्या शेजारी बसत होते, नेहमी उजव्या बाजूला. पिशवी त्या बरोबर त्याच बाजूला ठेवायच्या, आणि त्याचं कारण माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. भवानीनगर मागं पडल्यावर त्याच म्हणाल्या, “कोमल, तुझं बोट हललं का गं?”

“हललं.”

“कसं दिसतं ते?”

रागानं नव्हे, टोमण्यानं नव्हे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मग मी समोरच्या बाकाच्या दांडीपुढं बोट धरलं आणि एकेक डोळा मिटत जंक्शन येईपर्यंत त्यांना सांगत राहिले... आता दांडीच्या अलीकडं आहे, आता पलीकडं गेलं, बोट जवळ आणलं की उडी मोठी होते, लांब नेलं की लहान. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. उतरताना मी म्हणाले, “भाभी, मघाशी मी हसायला नको होतं.” त्या म्हणाल्या, “तू एकटी थोडीच हसलीस,” आणि पिशवीतला पेरू माझ्या हातात दिला. त्यांच्या शाळेची गोष्ट त्यांनी नंतर केव्हातरी सांगितली. नववीत सगळ्या पोरी रांगेनं सूक्ष्मदर्शकातून कांद्याची साल बघत होत्या. भाभींची पाळी आली तेव्हा बाई म्हणाल्या, “तुला एका डोळ्यानं काय दिसणार? हो बाजूला, पुढचीला येऊ दे.” त्या बाजूला झाल्या, आणि विज्ञान आपल्यासाठी नाही हे त्यांनी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं.

पुढच्या तासाला घोलप सर सुई आणि दोरा घेऊन आले. खिशातून काढून त्यांनी ते भाभींपुढं ठेवलं. “मुलाणीताई, एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही असं पुस्तकात लिहिलंय. मग तुम्ही दोरा कसा ओवता, ते मला दाखवाल का?” भाभी आधी लाजल्या. मग त्यांनी सुई उजेडाकडं धरली, मान थोडी डावीकडं नेली, थोडी उजवीकडं, आणि दोरा आरपार. “अशी मान हलवायची, सर. हिकडनं एकदा बघायचं, तिकडनं एकदा. म्हंजे सुई पुढं किती आन् मागं किती ते कळतं.” सर वर्गाकडं वळून म्हणाले, “ताऱ्यांच्या बाबतीत आपण सगळेच एका डोळ्याचे आहोत. आपल्या दोन डोळ्यांतलं हे चार बोटांचं अंतर तिथं काहीच कामाचं नाही. म्हणून शास्त्रज्ञ काय करतात? तारा आज पाहतात आणि सहा महिने थांबतात. तोवर पृथ्वी सूर्याच्या पलीकडच्या बाजूला गेलेली असते. तिथून तोच तारा पुन्हा पाहतात.” भाभी म्हणाल्या, “म्हंजे मान हलवायलाच सहा म्हैने.” वर्ग पुन्हा हसला. पण या वेळी भाभीही हसत होत्या, सगळ्यांत मोठ्यानं.

त्याच महिन्यात सरांनी आम्हाला मोरगावला त्यांच्या शेतावर नेलं. ज्वारीच्या रानाकडेला खळ्यावर दुर्बीण मांडली होती. दिवस बुडून तासभरही झाला नसेल, पश्चिमेला शनी बऱ्यापैकी खाली आला होता. जो तो एक डोळा मिटायच्या खटपटीत. कुणी हातानं डोळा दाबून धरत होतं, कुणाला काहीच दिसत नव्हतं. भाभींनी चष्मा काढला, डोळा लावला आणि त्या निवांत बघत राहिल्या. रांग वाढली, पोरं चुळबुळ करायला लागली, पण सर कुणाला काही बोलू देईनात. “काय दिसतंय ताई?” त्यांनी विचारलं. “मणी हाय, सर. मण्यात सुई आरपार घातलीया... दोन्ही बाजूंनी जरा जरा टोक दिसतंय.” त्या वर्षी शनीची कडी आपल्याला कडेनं दिसत होती, त्यामुळं ती अगदी बारीक होती. सर म्हणाले, इतकं नेमकं वर्णन कुठल्याच पोराच्या वहीत सापडणार नाही. सरांच्या आईनं दिलेल्या बाजरीच्या भाकरी खाताना भाभी मला म्हणाल्या, “ह्या दुर्बिणीला एकच डोळा लागतो बग. तुमीच आपलं दुसरा मिटायची कसरत करताय.” त्या बोलण्यात नववीतल्या बाईंचा कुठंही उल्लेख नव्हता. मला मात्र त्याच आठवल्या.

विषय सुटला. भाभींना माझ्यापेक्षा चार गुण जास्त पडले आणि त्यासाठी त्यांनी मला गाडीत जिलेबी खाऊ घातली. दुसऱ्या वर्षी आम्ही इतिहासाला लागलो, आकाश मागं पडलं. निदान माझं तरी. परीक्षेपुरतं घेतलेलं परीक्षेबरोबर सुटलं, आणि भाभींचंही तसंच असेल असं मी धरून चालले होते. गाडीत आम्ही सनावळ्या पाठ करायचो. मोजून सांगायचं तर पदवीचं निम्मं अंतरच त्यांचं कापून झालं होतं. इंदापूरची ती जागा अजून लांब होती.

चाळिसाव्याला, भाभींना जाऊन चाळीस दिवस झाल्यावर, मी निरवांगीला गेले. शुक्रवार होता. मेहबूबभाई, भाभींचे यजमान, ट्रॉल्यांवर आणि टेम्पोंवर नावं रंगवतात. मितभाषी माणूस. भाभी कॉलेजला जाऊ लागल्या तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नव्हतं आणि हो असंही म्हटलं नव्हतं. बाराच्या सुमाराला जेवणं उरकल्यावर त्यांनी मला शिवणाच्या खोलीत बोलावलं आणि फरशीकडं बोट दाखवून म्हणाले, “हे काय हाय, तुमी सांगाल का? तिनं मला कधी नीट सांगितलं न्हाय, आन् मी बी इचारलं न्हाय.”

शहाबादी फरशीवर पांढऱ्या ऑइलपेंटचे बारीक ठिपके होते. मशीन जागची हलवून कोपऱ्यात सरकवलेली. ठिपक्यांची ओळ दारापासून निघून मागच्या भिंतीपर्यंत गेली होती आणि किंचित वळून परत आली होती. वर पाहिलं तर पत्र्याला खिळ्याचं एक भोक, आणि त्यातून उतरलेला, कोटाच्या बटणाएवढा उन्हाचा कवडसा. मेहबूबभाई सांगत होते, “गेल्या साली परीक्षा झाल्यावर सुरू केलं. दर शुक्रवारी बरूबर साडेबाराला ऊन जितं पडंल तितं टिपका. मी नमाजला निघायच्या टायमाला तिचं हेच चाललेलं असायचं.”

मला घोलप सरांचा एक तास आठवला. वर्षभर ठरावीक वेळेला सूर्य कुठं दिसतो ते टिपत गेलं तर इंग्रजी आठसारखा लांबट आकार तयार होतो, असं त्यांनी सांगितलं होतं. आमच्यातल्या कुणाला ते खरं वाटलं नव्हतं. ‘करून बघा’ म्हणाले होते सर. मी ते वहीतसुद्धा लिहून घेतलं नव्हतं. मी मेहबूबभाईंना समजावून सांगितलं, हिवाळ्यात कवडसा लांब जातो, उन्हाळ्यात जवळ येतो, मधे ओळ स्वतःलाच छेदते. पावसाळ्याच्या जागी ठिपके विरळ होते. ढग आले असणार. ते गुडघ्यावर बसून ऐकत होते. शेवटचे पाच-सहा ठिपके मला वेगळे दिसले. भाभींचे ठिपके सुईनं टोचल्यासारखे नेमके होते, हे मात्र मोठे, जाड ब्रशनं काढलेले.

“हे तुम्ही काढले?”

“व्हय,” ते जरा ओशाळून म्हणाले. “ती गेल्यावर पयल्या शुक्रवारी घरात बसलो हुतो. साडेबारा झाले. ऊन येऊन पडलं हितं... कुणी टिपलं न्हाय तर तिचं काम राहून जाईल, असं वाटलं. कशाचं काम ते काय मला ठाव नव्हतं.” मग त्यांनी विचारलं, “पुरं व्हायला किती शुक्रवार ऱ्हायले?”

मी पहिला ठिपका शोधला आणि तिथवरचं अंतर बोटांनी मोजलं. “सहा असतील. फार तर सात.”

त्यांनी घड्याळ बघितलं. साडेबारा वाजत आले होते. त्यांनी कोनाड्यातला पेंटचा डबा उचलला आणि ब्रश परत ठेवून माझ्याकडं पाहत म्हणाले, “तिच्यासारखा बारीक टिपका कशानं पडंल?” मी मशीनच्या खणातून एक सुई काढून त्यांच्या हातात दिली. मेहबूबभाईंनी ती पेंटमध्ये बुडवली आणि कवडशावर वाकून, मान एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं नेत, जागा नक्की करू लागले.