सिस्टरच्या गाडीची बॅटरी

त्या गॅरेजात दोन खाती होती. इंजिन, चेन, ब्रेक, चाकं हे मिस्त्रीचं खातं, आणि जिथे जिथे म्हणून वायर जाते ते सगळं त्याच्या बायकोचं. तिच्या गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेला मीटर दिवसभर लोंबत असायचा. स्वयंपाक करतानाही तो काढायला विसरते, असं मिस्त्री सगळ्यांना सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं. लोक तिला मीटरवहिनी म्हणत.

तिचे वडील पंपांच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून पुन्हा भरून द्यायचे. घरात जेवायच्या टेबलावर एका टोकाला तांब्याच्या तारेची रिळं आणि दुसऱ्या टोकाला ताटं, असाच तिचा सगळा शाळकरी काळ गेला. लग्नानंतर ती गॅरेजात यायची ती डबा द्यायला. एकदा मिस्त्री एका गाडीचा हॉर्न तिसऱ्यांदा बदलत बसला होता. तिने डबा बाजूला ठेवला, एक बल्ब आणि वायरीचे दोन तुकडे मागून घेतले आणि थोड्या वेळाने म्हणाली, "हॉर्न चांगलाय हो, बटणच मेलंय." दुसऱ्या एखाद्या नवऱ्याने तोंड फुगवलं असतं. मिस्त्रीने मात्र सुटकेचा निःश्वास टाकला. वायरी त्याला मुळातच डोळ्यांसमोर नको असायच्या. "हे जंजाळ आजपासून तूच सांभाळ," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

तेव्हापासून तिचा एकच हट्ट. करंट कुठे जातो ते दिसल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही. यावरून दोघांची रोज जुंपायची. मिस्त्रीचं म्हणणं, गिऱ्हाइकाला गाडी हवी असते, शोधनिबंध नको असतो.

सिस्टरची गाडी आली ती याच भांडणात.

सिस्टर म्हणजे घरोघरी जाऊन ड्रेसिंग करणारी नर्स. अंथरुणाला खिळलेली माणसं, ऑपरेशन होऊन घरी आलेली माणसं, सगळी तिची वाट बघत असायची. नवरा जहाजावर, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. गाडी त्याने आणि त्याच्या धाकट्या भावाने मिळून घेतलेली, पण चालवायची तीच. अलीकडे ही गाडी सकाळी उठायलाच तयार नसायची. किक मारूनही उपयोग नव्हता, कारण या गाडीत ठिणगीसुद्धा बॅटरीच्याच जिवावर पडायची. मग सिस्टर ड्रेसिंगची बॅग पोटाशी बांधून गाडी उतारापर्यंत ढकलत न्यायची; उतारावर वेग आला की ती कशीबशी चालू व्हायची. एकदा उतारावर पाय घसरून गुडघा फुटला आणि त्या दिवशी पहिलं ड्रेसिंग तिने स्वतःचंच केलं.

"नवी बॅटरी टाकून मोकळे होऊ," मिस्त्री म्हणाला.

"आधी बघू तरी द्या," वहिनी म्हणाली.

"तिला कामाला जायचंय. तू बघत बस."

नवी बॅटरी बसली. आठवडाही झाला नाही तोच सिस्टर पुन्हा दारात उभी, घामाघूम. नवी बॅटरीही ठार मेली होती. मिस्त्रीचा चेहरा पडला. तो आत गेला आणि एका स्कूटरचं चाक उगाचच उघडायला लागला.

आता गाडी वहिनीच्या ताब्यात आली. तिने सीट काढली, बॅटरी चार्ज केली, तिची एक वायर सोडवून मध्ये मीटर लावला. गाडी बंद असताना चोरून करंट जात असेल तर काट्यावर दिसायलाच हवा. काटा जागचा हलला नाही. तिने वायरी हलवून बघितल्या, सीटखालच्या जोडण्या दाबून बघितल्या, चार्जिंग तपासलं. इंजिन चालू केल्यावर बॅटरी व्यवस्थित भरत होती. दिवे, हॉर्न, ब्रेकचा दिवा, सगळं ठीक. गाडी रात्रभर गॅरेजात ठेवली. सकाळी पहिल्याच बटणाला गुरगुरत चालू झाली.

"इथे शहाण्यासारखी वागतेय," वहिनी म्हणाली. "घरीच काय होतं हिला?"

सिस्टर स्टुलावर बसली होती. तिने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मला माहितीये काय होतं ते. पण बोलायची चोरी आहे."

"बोला की. इथे कोण ऐकतंय?"

"माझे दीर. वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्याकडे दुसरी किल्ली होती. दुपारी मी जरा आडवी होते, तेव्हा गाडी काढत असणार आणि आल्यावर किल्ली चालूच सोडत असणार. रुग्णाच्या घरी गाडी तासन् तास उभी असते, तिथे कधी असं होत नाही. फक्त घरी. मग दुसरं कोण?"

"विचारलंत त्यांना?"

"विचारलं. म्हणाले, मी हात लावलेला नाही. मी म्हटलं, मग किल्ली द्या. दिली. जिन्यात, जावेसमोर. तेव्हापासून जाऊ माझ्याशी बोलत नाही." सिस्टरने बॅग मांडीवर ओढली. "आणि तरी बॅटरी उतरतेच आहे. म्हणजे डुप्लिकेट करून घेतली असणार."

माणसांच्या भानगडीत मीटर लावता येत नाही, असं वहिनीला वाटायचं. तिने आपल्या कामाचं तेवढं विचारलं. "हे सुरू कधीपासून झालं? त्याच्या आधी गाडीला काही केलं होतं?"

"काहीच नाही. पुढच्या ब्रेकची केबल तेवढी इथूनच बदलून नेली होती."

आतून मिस्त्रीचा आवाज आला, "ब्रेकच्या केबलने बॅटरी उतरायला लागली तर मी गॅरेज विकून भाजी विकीन!" तिघंही हसली आणि विषय तिथेच राहिला.

पण वहिनीच्या डोक्यातून गाडी जाईना. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते गॅरेजात मुरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मीटर, चार पाने आणि टॉर्च पिशवीत टाकले आणि सिस्टरच्या मागे बसून तिच्या घरी गेली. मिस्त्री म्हणाला, "आता घरोघरी जाऊन तपासणार का? सिस्टरसारखी बॅग घे एक." तिने ते कानाआड केलं.

घर दुमजली होतं. खाली सिस्टर, वर दीर-जाऊ. जिन्याखाली एक अरुंद बोळ, दिवसाही अंधारलेला. गाडी तिथेच लागायची.

"हे बघा," वहिनी म्हणाली, "मी इथे आहे हे विसरा. रोज संध्याकाळी काय करता तेच करा. काही जास्त नाही, काही कमी नाही. फक्त आधी मला हा मीटर जोडू द्या."

मीटर जोडून झाला. सिस्टरने गाडी वळवली आणि उलटी, ढकलत बोळात घेतली, म्हणजे सकाळी सरळ बाहेर काढता येते. मागचं चाक भिंतीला जवळजवळ टेकलं. किल्ली बंद. काटा शून्यावर. स्टँड लावलं. काटा शून्यावर. मग तिने हँडल पूर्ण डावीकडे वळवलं, ते लॉक केलं आणि किल्ली काढून घेतली.

काटा टुणकन उडाला.

वहिनी पायरीवर बसली होती ती उठून उभी राहिली. "थांबा. हँडल सोडा. सरळ करा."

काटा खाली आला.

"पुन्हा लॉक करा."

काटा पुन्हा वर. सिस्टरच्या हातात गाडीवर घालायचं जाड कव्हर होतं, तशीच ती ते धरून उभी राहिली. "दवाखान्यात, लोकांच्या घरी... तिथे हँडल लॉक करता?" वहिनीने विचारलं.

"नाही. वॉचमन गाड्या सरकवत असतात, ते ओरडतात. घरीच करते. आणि घरी तरी रोज कुठे, घाईत असले की राहतं."

वहिनी गाडीच्या मागे वाकली. गाडी आणि भिंत यांच्यात हात घालण्याइतकीच जागा होती. भिंतीच्या पांढऱ्या चुन्यावर एक लाल ठिपका पडला होता. गाडी बंद, किल्ली सिस्टरच्या मुठीत, आणि ब्रेकचा दिवा निवांत जळत होता. रोज तो असाच जळत असणार, भिंतीकडे तोंड करून, वरून कव्हर पांघरून.

पुढचं उलगडायला फार वेळ लागला नाही. हँडल डावीकडे गेलं की पुढच्या ब्रेकची केबल ताणली जात होती. ती हेडलाइटच्या आतून न्यायची ती बाहेरून नेली होती, त्यामुळे कमी पडत होती. केबल ताणली की ब्रेकची दांडी केसभर ओढली जायची आणि तिच्या मुळाशी असलेला दिव्याचा स्विच लागायचा. म्हणजे कुणीतरी रात्रभर ब्रेक दाबून बसल्यासारखंच. पण तरीही एक गोष्ट बसत नव्हती. किल्ली बंद असताना ब्रेक कितीही दाबला तरी दिवा लागायला नको. वहिनीने हेडलाइट उघडला. आत गाडीच्या वायरींच्या गर्दीत एक परकी वायर होती, बारीक, निळी-पांढरी, किल्लीला वळसा घालून थेट बॅटरीकडून आलेली.

"ही कंपनीची नाही," ती म्हणाली. गॅरेजात तिने ब्रेकचा दिवा तपासला होता, पण किल्ली चालू ठेवून. बंद ठेवून दाबायचं तिच्या डोक्यात आलं नव्हतं. हे तिला झोंबलं, पण ते तिने मनातच ठेवलं.

बोळातली बोलणी ऐकून दीर जिन्यातून खाली आला होता. उंच, वाकून चालणारा माणूस. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत कामाला होता. तो शेवटच्या पायरीवर थांबला, आधी भिंतीवरच्या लाल ठिपक्याकडे बघितलं, मग सिस्टरच्या हातातल्या किल्लीकडे.

"म्हणजे मी नव्हतो तर," तो म्हणाला.

सिस्टर कव्हरची घडी करायला लागली, पुन्हा उलगडली. "नव्हतात, भावजी," ती शेवटी म्हणाली. "माझंच चुकलं. जिन्यात तसं बोलायला नको होतं."

वरून जावेच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. दीर पुढे आला, उघड्या हेडलाइटमध्ये डोकावला आणि डोकावल्यावर बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"ही वायर," तो म्हणाला.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

"दारावरच्या बेलची आहे. उरलेला तुकडा." त्याने मान खाजवली. "मीच टाकली होती. काही वर्षांपूर्वी, दादा घरी होता तेव्हा. ब्रेकचा दिवा लागत नव्हता, आतली जोडणी कुठे तुटली ते सापडेना. दादाला निघायचं होतं, म्हणून डायरेक्ट देऊन टाकली. नंतर नीट करू म्हटलं आणि राहिलं."

त्याला गप्प राहता आलं असतं. बेलची वायर कुणी ओळखली नसती, आणि वहिनीलाही ती कुणी टाकली याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. सिस्टर त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. आधी तिने ते दाबलं, मग दाबता येईना. दीरही हसला, पण कसनुसा.

"इतकी वर्षं या वायरीने काही त्रास दिला नव्हता," वहिनी म्हणाली. "केबल नीट असती तर अजूनही दिला नसता. तेव्हा अर्धं तुमचं आणि अर्धं आमच्या गॅरेजचं."

सिस्टरने खिशातून दुसरी किल्ली काढून पुढे केली. दीराने मान हलवली. "राहू दे तुमच्याकडेच," म्हणाला आणि वर निघून गेला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पण किल्लीही घेतली नाही.

वहिनीने तुटलेली मूळ जोडणी शोधून पुन्हा जोडली, निळी-पांढरी वायर मुळापासून उपटली आणि केबलसाठी गाडी गॅरेजात आणायला लावली. मिस्त्री बाहेरच उभा होता.

"सापडलं?"

"सापडलं. विकायला भाजी कुठे मिळते ते बघून ठेवा."

त्याला आधी कळलं नाही. मग त्याने केबलकडे बघितलं, हँडल डावीकडे वळवून बघितलं, आणि कळलं. तो खाली बसला. एरवी बारीकशा नटसाठीही हाका मारणारा माणूस, त्याने एकही हाक न मारता केबल काढली, आतून नेली, हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून खात्री केली. सिस्टरला म्हणाला, "चूक माझी आहे. जुनी बॅटरी चांगलीच होती, ती मी चार्ज करून ठेवलीये. नवीचे पैसे परत घेऊन जा." सिस्टर नको नको म्हणत होती, पण त्याने ऐकलं नाही.

संध्याकाळी शटर ओढताना तो बायकोला म्हणाला, "तू गेली नसतीस तर मी तिसरी बॅटरी टाकली असती."

"टाकली असतीत," ती म्हणाली. "आणि मी इथेच बसून वायरी उचकत राहिले असते. किल्ली बंद ठेवून एकदा ब्रेक दाबला असता तर इथेच कळलं असतं."

"मग दोघंही गाढव."

"दोघंही."

पुढे सिस्टरची गाडी रोज सकाळी मुकाट्याने चालू होऊ लागली. चेनला तेल घालायला ती आली तेव्हा मिस्त्रीने विचारलं, घरी काय म्हणतात. "बोलणं सुरू झालंय," ती म्हणाली, "पण मोजकंच. जाऊबाई अजून तोंड वळवतात. वळवू देत, त्यांचाही मान होता ना." आणि घाईने निघून गेली, कुणाचं तरी ड्रेसिंग खोळंबलं होतं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी ती गाडी पुन्हा गॅरेजासमोर थांबली. वहिनीने आतूनच आवाज ओळखला आणि बाहेर आली. गाडीवर दीर होता, गुडघे बाहेर काढून, त्या उंचीला ती गाडी लहानच पडायची.

"आमच्या वहिनी आज पायीच गेल्यात, जवळच ड्रेसिंग होतं," तो म्हणाला. "त्यांनी सांगितलं, मागचा टायर बघून घ्या. मऊ लागतोय."

मिस्त्रीने टायर दाबून बघितला आणि हवेची नळी ओढत आणली. दीर स्टुलावर बसला. वहिनी आपल्या टेबलाकडे परत गेली. तिथे एका रिक्षाचा वायपर वाट बघत होता, मनात आलं तर चालणारा, नाही तर नाही.