बडोद्यातली बारा घरं आणि फाटकापाशी थांबलेल्या गाड्या

मोहनदादाचा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. "मनू, रविवारी मीटिंग आहे. तुझा नकाशा पाडणार बघ सगळे. तू ये."

"आणि तू?"

"मी पण पाडणार."

इतका प्रामाणिक चुलतभाऊ सगळ्यांना लाभो! मी तिकीट काढलं.

मी पुण्यात वस्त्यांचे नकाशे आखते. दादा आणि त्याच्या ओळखीची अकरा कुटुंबं डभोई रस्त्यावर जमीन घेऊन एकत्र वसाहत करताहेत. पावसाचं पाणी जमिनीत जिरवायचं, सांडपाणी शुद्ध करून झाडांना द्यायचं, वीज छतावर करायची, इथवर एकमत होतं. घोडं अडलं गाड्यांवर. नकाशात मी त्या सगळ्या वसाहतीच्या फाटकापाशीच थांबवल्या होत्या. प्रत्येक दारापर्यंत डांबरी रस्ता नेला तर कडुनिंबांची अख्खी रांग जाते आणि पाणी जिरायला माती उरत नाही. एवढं एक कलम पडलं की बाकीचं सगळं शोभेपुरतं राहतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पुण्याहून रात्रीची गाडी पकडलीत तर सकाळी बडोदे येतं. सुट्टीत जायचं असेल तर तिकीट लवकर काढा. मला जेमतेम वरचा बर्थ मिळाला. स्टेशनवरून जुन्या शहरातल्या मांडवी दरवाजापर्यंत रिक्षा, भाडं बसायच्या आधी ठरवावं. तिथून वाडी भागातल्या दादाच्या पोळीत चालतच जायचं. पोळ म्हणजे दोन्हीकडे खेटून घरं असलेली अरुंद गल्ली. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं आणि आत एका घराची सावली समोरच्या घरावर पडलेली. वहिनी ओट्यावर बसून शेजारच्या मंजुबेनबरोबर गवार निवडत होत्या.

"या वन्सं! पाणी घ्या आधी." पुण्यात मला वन्सं म्हणणारं कुणी नाही, त्यामुळे मी तिथेच विरघळले.

शनिवारी डभोईच्या बसने जागा पाहून आलो. टोपी आणि पाणी न्याच, वाटेत फार काही मिळत नाही. दादा कडुनिंबाखाली उभा राहून म्हणाला, "सावली मस्त छे, पण गाडी दारात जोइए ज." म्हणजे हवीच.

बसस्टँडवरून स्कूटरने परतल्यावर त्याने ती पोळीच्या तोंडाशी, शिंप्याच्या दुकानासमोर लावली आणि आम्ही चालत घरी गेलो. मला हसू आवरेना. "दादा, सगळा जन्म तू स्कूटर बाहेर लावलीस. काखेत कळसा नि गावाला वळसा!"

तो हसला नाही. "म्हणूनच तर. बाबांना त्रास झाला तेव्हा रिक्षा आत येईना. आम्ही चौघांनी खुर्चीवर बसवून त्यांना मांडवीपर्यंत नेलं. ते सारखं म्हणत होते, खाली ठेवा रे, तुम्ही दमाल. पुन्हा ते नको, मनू."

काका गेले ते मला माहीत होतं, खुर्चीचं माहीत नव्हतं. मला रडू आलं. पण रडून रस्ता सुटत नाही, म्हणून मी संध्याकाळी ओट्यावरच नकाशा पसरला. फाटकापासून प्रत्येक दारापर्यंत विटांची गल्ली काढली, रुग्णवाहिका येऊन वळेल एवढीच रुंद. विटांच्या फटींतून पाणी मुरेल, दोन्हीकडे ओटे, आणि रोजच्या गाड्या फाटकापाशीच. दोन कडुनिंब त्यात गेले, ते अजून खुपतं. बाकीची रांग वाचली.

रविवारची मीटिंग मी हट्टाने एसी हॉलमधून पोळीत आणली. बाजव्याहून आलेले रिफायनरीतले एक भावी शेजारी गाडी बाहेर लावावी लागली म्हणून कुरकुरतच आले. वाटेत त्यांना दोन जुने मित्र भेटले, मंजुबेनने "आवो, बेसो" म्हणून ताक दिलं आणि ते सगळ्यांत शेवटी पोचले. नवा नकाशा दाखवला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "ओटा प्रत्येक घराला ना?"

दादा मात्र रुग्णवाहिकेच्या वळणावर बोट फिरवत राहिला. "कागदावर तर वळेल," एवढंच म्हणाला. निर्णय आठवडाभर पुढे गेला. निघण्याआधी मांडवीला सेव-उसळ खाल्ली. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा.

पुण्यात परतल्यावर मी गाडी बिल्डिंगच्या दारात लावते, तेव्हा हल्ली थोडं ओशाळायला होतं. नकाशाची खात्री मला आधीही होती. आता तो कुणासाठी काढला हेही कळतं.

पुढच्या रविवारी वहिनींनी फोनवर व्हिडिओ पाठवला. दादाने जागेवर चुन्याच्या फक्कीने सगळी गल्ली आखली होती आणि रुग्णवाहिकेएवढा टेंपो आणून त्याच्या होणाऱ्या दारापर्यंत नेला होता. टेंपो एका दमात वळला. मागून वहिनींचा आवाज, "झालं समाधान?" दादाने मान हलवली, डोळे पुसले.

मग त्याने स्कूटर काढली. आजूबाजूला नुसतं मोकळं रान, अजून एक वीटही नाही. कुठेही लावता आली असती. त्याने ती फाटकाच्या खुणेपाशी नेऊन लावली आणि फक्कीच्या गल्लीतून चालत घरी आला.