जर्मनीचा खर्च आणि अक्काचं स्थळ

अक्काचं लग्न मी जर्मनीमुळं मोडलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. हुपरीत आमचा चांदीच्या पैंजणांचा कारखाना (म्हणजे घराच्या सोप्यात एक भट्टी आणि तिच्यापुढं आमचे वडील, आप्पा!). मी कोल्हापुरात राहून पीएच.डी. करत होतो. विषय : भारत आणि जर्मनीच्या सरकारांच्या पर्यावरणावरच्या खर्चाची तुलना. आई शेजारणींना सांगायची, "जर्मनीचा हिशेब आमच्या पोराकडं हाय."

नव्वदचं दशक सरत आलेलं. अक्काची दोन स्थळं मोडलेली. तिसरं शिरोळचं, मुलगा नेमका जर्मनीत! फोटो बघूनच अक्काला तो आवडलेला. सकाळीच तिनं मला गाठलं.

"आज तोंड उघडलंस तर बघ! पोहे खायाचं आन् गप बसायचं."

"शपथ, अक्का!"

पावणे आले, म्हणजे मुलाचे आई-वडील. आम्ही जैन, तेही जैन. आईनं पाणी फडक्यातनं दोनदा गाळून दिलं. मुलाचे वडील खूश. "जीव जपणारं घर हाय!"

पोरीचे पैंजण पावण्यांसमोर उजळून दाखवायची आमच्या घरची रीत. आप्पांनी ते ॲसिडात बुडवले, धुतले, लखलखीत करून अक्काच्या हातात दिले. स्थळ जमल्यातच जमा होतं.

तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी मला विचारलं, "तुम्ही काय करताय?"

अक्कानं डोळे वटारले. मी "अर्थशास्त्र" म्हणून थांबायला हवं होतं. थांबलो नाही!

"जर्मनीत सरकार पाण्यावर केवढा खर्च करतंय! कारखान्याचा थेंब शुद्ध केल्याबिगर भाईर जात न्हाय. आन् आपलं सरकार? नुसत्या फायली!"

त्याच क्षणी आप्पांनी ॲसिडाची बादली दारातनं गटारीत ओतली. धूर झाला. मुलाची आई खोकायला लागली.

"हे पाणी कुठं जातंय?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"गटारीला," आप्पा म्हणाले.

माहिती अर्धवट सोडणं आम्हा संशोधकांना पाप! मी म्हणालो, "गटार ओढ्याला, ओढा पंचगंगेला."

"आन् पंचगंगा?"

"शिरोळला."

त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "आम्ही तेच पितोय की!"

"गाळून पितो," त्यांची बायको कशीबशी म्हणाली. "गाळल्यावर ॲसिड जातंय न्हवं?"

"न्हाय," मी अभ्यासपूर्वक सांगितलं.

पोहे तसेच राहिले. पावणे गेल्यावर अक्कानं पैंजण डब्यात ठेवले. ती भांडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

तिचं लग्न पुढं झालंच नाही. आप्पांमागं भट्टी तीच बघते, आणि पाणी अजून गटारीलाच जातं. मी डॉक्टर झालो त्या दिवशी पेढा घेऊन तिच्यापुढं उभा राहिलो. तिनं जाडजूड प्रबंध उलटून पालटून बघितला.

"काय निघालं मग ह्यातनं?"

"जर्मनीत पर्यावरणापायी सरकार खर्च करतंय, अक्का."

"आन् आपल्यात भैन खर्ची पडती. लिव्हलंस का हे?"

नव्हतं लिहिलं. लिहिलं असतं, तर तो प्रबंध कुणीतरी वाचला तरी असता!